शास्त्रोक्त की प्रोप्रायटरी? : वैद्यांच्या ई-मेलचा विचार

ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीला आलेल्या महापुरात निफाड तालुक्यातील सायखेडा व चांदोरी ही गावे पाण्याने वेढली गेली. आमच्या दवाखान्यातही पाणी शिरले आणि कपाटाच्या खालच्या दोन कप्प्यांतील केसपेपर भिजून एकमेकांस चिकटले. ते उन्हात वाळविताना मनाशी निश्चय केला की, यापुढे परगावच्या रुग्णांचा आणि औषधालयांशी होणारा सर्व पत्रव्यवहार ई-मेलवरच ठेवावयाचा. कागदाला पाण्याचे भय असते. महाजालातील पत्राला ते नाही, अशी त्या वेळची समजूत होती.

ही समजूत दोन वर्षांतच फिटली. पुण्यातील एका रुग्णास भल्लातकाचा एक कल्प दिला होता. "त्रास वाटल्यास लगेच कळवा," एवढे मी सांगितले होते. चौथ्या दिवशी त्यास कंडू सुरू झाला. त्याने ई-मेल केला, दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. उत्तर आले नाही. आठव्या दिवशी त्याचा दूरध्वनी आला, तेव्हा तो म्हणाला, "आपलं उत्तर नाही, म्हणजे काळजीचं कारण नसावं असं समजून औषध चालूच ठेवलं." तोपर्यंत हातांवर व पोटावर स्फोट उठले होते. औषध बंद करून योग्य ते उपचार केले व तो बरा झाला. परंतु औषध प्रथम थांबवा आणि मग कळवा, असे सांगावयास हवे होते, ही चूक माझीच होती. आणि त्याची दोन्ही पत्रे माझ्यापर्यंत का पोहोचली नाहीत, याचा शोध घेतला तेव्हा दुसरी चूकही माझीच निघाली.

दवाखान्याचे संकेतस्थळ व ई-मेल काही वर्षांपूर्वी एका परिचित व्यावसायिकाने उभारून दिले होते. दवाखान्याचे डोमेन नाव, म्हणजे पत्त्यातील 'ॲट' चिन्हापुढील भाग, त्याने स्वतःच्या नावावर नोंदविला होता. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्याच पत्त्यावर जात. पुढे त्याने तो व्यवसाय सोडला, नाव मुदतबाह्य झाले आणि त्याबरोबर पत्रपेटीही गेली. ते नाव आपले आहे हे सिद्ध करणारा एकही कागद माझ्याजवळ नव्हता. पुराने दोन कप्पे नेले होते. या वेळी संपूर्ण कपाटच गेले.

या अनुभवानंतर ई-मेलची निवड कशी करावी याचा जो अभ्यास घडला, तो व्यवसायबंधूंपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे. विषय तांत्रिक वाटला तरी त्याचे मर्म आपल्याला परके नाही.

ई-मेलचा मूळ स्वभाव

ई-मेल ही कोणा एका कंपनीची निर्मिती नव्हे. पत्र एका सर्व्हरकडून दुसऱ्या सर्व्हरकडे कसे न्यावयाचे याचे नियम 'एसएमटीपी' या नावाने १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्व्हरवरील पेटी आपल्या संगणकावरून कशी उघडावयाची याची 'आयमॅप' ही पद्धत १९८६ मध्ये तयार झाली. हे नियम सर्वांसाठी खुले आहेत. ते पाळणारा कोणीही कोणालाही पत्र पाठवू शकतो.

आपल्या देशातील ई-मेलचा आरंभ मुंबईत झाला, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. 'अर्नेट' या शैक्षणिक जाळ्याच्या प्रकल्पात, १९८७ च्या सुमारास, जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या दूरध्वनीच्या तारेवरून ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली. दोन्ही संस्थांची यंत्रे आपापली होती, पत्ते आपापले होते. समान होते ते फक्त पत्रव्यवहाराचे नियम. ई-मेलचे मूळ रूप हेच होय.

पुढे १९९६ मध्ये सबीर भाटिया यांनी सहकाऱ्यासह 'हॉटमेल' सुरू केले आणि २००४ च्या एप्रिलमध्ये गूगलचे 'जीमेल' आले. फुकट व भरपूर जागेची पेटी घरोघरी पोहोचली. त्यांचे उपकार नाकारण्याचे कारण नाही. परंतु फुकटच्या पेटीचा पत्ता कंपनीच्या नावाचा असतो आणि नियमही तिचेच चालतात. उदाहरणार्थ, सलग दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते हटविले जाऊ शकते, असा नियम गूगलने केला आणि डिसेंबर २०२३ पासून तो लागू झाला. दवाखान्याच्या नावाने एकदा उघडून विसरलेल्या खात्यांचा विचार ज्याने त्याने करावा.

पाठ खुला असणे म्हणजे काय?

औषधी द्रव्ये व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० यातील भेद औषधालयांच्या मालकांना सांगण्याची आवश्यकता नाही. प्रथम परिशिष्टातील प्रमाणभूत ग्रंथांच्या पाठानुसार सिद्ध केलेले ते शास्त्रोक्त औषध. आणि त्या ग्रंथांतील घटक घेऊन उत्पादकाने स्वतः योजलेल्या पाठाचे ते 'पेटंट अथवा प्रोप्रायटरी' औषध. सितोपलादि चूर्णाचा पाठ सर्वांपुढे आहे : सितोपला सोळा भाग, वंशलोचन आठ, पिप्पली चार, एला दोन, त्वक् एक. परवाना असलेली कोणतीही रसशाळा ते करू शकते. एका औषधालयाचा माल मनास आला नाही तर वैद्य दुसऱ्याचा मागवितो. रुग्णाची चिकित्सा खंडित होत नाही. प्रोप्रायटरी औषधाचे तसे नसते. उत्पादकाने ते बंद केले, घटक बदलले वा किंमत चढविली, तर त्यावर अवलंबून राहिलेल्या वैद्यास दुसरा मार्ग राहत नाही.

संगणकाच्या आज्ञावलींतही नेमका हाच भेद आहे. आज्ञावलीचा मूळ पाठ वाचण्याची, वापरण्याची, त्यात सुधारणा करण्याची व ती इतरांस देण्याची मोकळीक जिच्या परवान्यात लिहून दिलेली असते, ती मुक्त-स्रोत अथवा ओपन सोर्स आज्ञावली होय. या विचाराची चळवळ रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्पाने आरंभिली. 'ओपन सोर्स' ही संज्ञा १९९८ पासून रूढ झाली. ई-मेलच्या क्षेत्रात पत्रे नेणारी 'पोस्टफिक्स' व 'एक्झिम', पेटी सांभाळणारी 'डोव्हकॉट', आणि ब्राउझरमध्ये पत्रे दाखविणारी 'राउंडक्यूब' या सर्व मुक्त-स्रोत आज्ञावली आहेत. जगातील असंख्य सर्व्हर त्यांवर चालतात. देशातील होस्टिंग व्यावसायिकांकडून मिळणाऱ्या अल्प दराच्या योजनांतही पुष्कळदा आत हीच द्रव्ये असतात. वर नियंत्रणफलक मात्र प्रोप्रायटरी असतो.

येथे दोन गैरसमज टाळावेत. खुला पाठ म्हणजे फुकट सेवा नव्हे. सितोपलादीचा पाठ खुला आहे म्हणून कोणी वंशलोचन फुकट देत नाही. आणि पाठ खुला असल्याने गुणवत्तेची हमीही मिळत नाही. शास्त्रोक्त औषध घेतानाही आपण निर्माता कोण, 'शेड्यूल टी'चे पालन होते की नाही, हे पाहतोच. ई-मेलच्या सेवेतही पाठ आणि कर्ता या दोहोंची परीक्षा करावी लागते.

स्वदेशी आणि खुले

या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण केंद्र शासनाचे आहे. राष्ट्रीय सूचना केंद्र, अर्थात एनआयसी, शासकीय ई-मेल सांभाळत असे, ते 'झिंब्रा' या मुक्त-स्रोत पायावरील प्रणालीवर. २०१५ मध्ये शासनाने मुक्त-स्रोत आज्ञावलींच्या स्वीकाराचे धोरणही जाहीर केले. त्यानंतर शासकीय पेट्या चेन्नईस्थित झोहो कंपनीच्या प्रणालीवर नेण्यात आल्या. सुमारे बारा लाख कर्मचाऱ्यांचे ई-मेल असे स्थलांतरित झाल्याच्या वार्ता २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आल्या.

या स्थलांतरातून दोन बोध घ्यावयाचे. पहिला असा की, झोहो ही स्वदेशी कंपनी आहे. परंतु तिची ई-मेल प्रणाली मुक्त-स्रोत नाही. स्वदेशी असणे आणि खुले असणे हे दोन भिन्न गुण आहेत. दोहोंचे मोल आहे. पण एकाच्या नावावर दुसरा गृहीत धरू नये. दुसरा बोध अधिक महत्त्वाचा. एवढी प्रचंड हलवाहलव झाली तरी कोणत्याही अधिकाऱ्याचा पत्ता बदलला नाही. कारण 'जीओव्ही डॉट इन' व 'एनआयसी डॉट इन' ही नावे शासनाच्या स्वतःच्या ताब्यात होती. पेटी ठेवणारा बदलला, पण नाव मालकाकडेच राहिले. माझ्या दवाखान्यात नेमके याच्या उलट घडले होते.

झिंब्राचा इतिहासही उद्बोधक आहे. तिच्या विकासाचे पुष्कळसे काम पुण्यात झालेले आहे. तिची मालकी २००७ मध्ये याहूकडे, २०१० मध्ये व्हीएमवेअरकडे, २०१३ मध्ये टेलिजंटकडे आणि २०१५ मध्ये सिनाकोरकडे गेली. २०२० मध्ये आलेल्या नवव्या आवृत्तीपासून कंपनीने मुक्त आवृत्तीचे तयार संच देणे थांबविले. अर्थात रसशाळा विकली जाऊ शकते आणि नवा मालक वेगळे धोरण आखू शकतो. मात्र पूर्वी खुला केलेला पाठ परत घेता येत नाही. तो घेऊन दुसरा कोणी पुढे चालू शकतो. मुक्त परवान्याचे बळ एवढेच, पण ते पुष्कळ आहे.

लिखित पाठाचे हे बळ आयुर्वेदाने अनुभवले आहे. हळदीच्या व्रणरोपण गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेलेले पेटंट सीएसआयआरने आव्हान दिल्यावर १९९७ मध्ये रद्द झाले, ते जुन्या लिखित पुराव्यांच्या आधारे. या अनुभवातूनच २००१ मध्ये पारंपरिक ज्ञान डिजिटल ग्रंथालयाचा उपक्रम उभा राहिला. जे सर्वांचे आहे ते सर्वांचे राहावे यासाठी नोंद व नियम लागतात, ही जाणीव मुक्त-स्रोत परवान्यांच्या मुळाशीही आहे.

निवडीची पंचविध परीक्षा

१. नाव कोणाचे? डोमेन नाव वैद्याच्या, औषधालयाच्या किंवा संस्थेच्या स्वतःच्या नावे नोंदलेले असावे. नोंदणीचे खाते, त्याचा पासवर्ड व पावती आपल्याजवळ असावी. नूतनीकरणाची सूचना ज्या पत्त्यावर येते तो पत्ता त्याच डोमेनवरील नसावा. नाव मुदतबाह्य झाले तर सूचनाच पोहोचणार नाही. पाच प्रश्नांपैकी एकाचेच उत्तर शोधावयाचे असेल तर याचे शोधावे.

२. भाषा कोणती? सेवा आयमॅप व एसएमटीपी या खुल्या पद्धतींनी वापरता येते काय, हे विचारावे. येथे सूक्ष्म विचार हवा. जर्मनीतील 'टुटा' या सेवेची ॲप्स मुक्त-स्रोत आहेत व गोपनीयतेसाठी तिची ख्याती आहे. परंतु ती आयमॅपने उघडत नाही. स्वित्झर्लंडच्या 'प्रोटॉन'ची ॲप्सही मुक्त-स्रोत आहेत; तेथे आयमॅपसाठी 'ब्रिज' नावाची वेगळी आज्ञावली लागते व ती सशुल्क योजनेतच मिळते. पत्र कूटबद्ध ठेवण्यासाठी त्यांनी हे बंधन स्वीकारले आहे. ते गैर नव्हे. परंतु घेणाऱ्याने ते जाणून घ्यावे.

३. पाठ खुला आहे काय? सेवेच्या सर्व्हरवर कोणत्या आज्ञावली चालतात, हे व्यावसायिकास स्पष्ट विचारावे. जो मोकळेपणाने नावे सांगतो, तो विश्वासास अधिक पात्र.

४. उत्पन्न कशाचे? सेवा शुल्कावर चालते की जाहिरातींवर? जाहिराती दाखविण्यासाठी पत्रांतील मजकूर तपासण्याची पद्धत थांबवीत असल्याचे गूगलने २०१७ मध्ये जाहीर केले. अर्थात तोवर ती चालू होती. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्यास उपदेश आहे की, रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर नेऊ नयेत. त्या काळी ही जबाबदारी वैद्याच्या जिभेपुरती होती. आज ती त्याच्या पत्रपेटीपर्यंत पोहोचली आहे. २०२३ चा व्यक्तिगत डिजिटल विदा संरक्षण अधिनियम व त्याखाली नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले नियम यांनी तिला कायद्याचे रूपही दिले आहे. नियमांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे. तयारीस तेवढा अवधी आहे.

५. बाहेर पडण्याची वाट कोणती? उद्या सेवा सोडावयाची झाल्यास सर्व पत्रे जुळणीसह बाहेर काढता येतील काय? बर्लिनची 'पोस्टिओ' ही सेवा २००९ पासून मुक्त-स्रोत साधनांवर व प्रामाणिकपणे चालते, आयमॅपही देते. परंतु स्वतःचे डोमेन नाव तेथे वापरता येत नाही. म्हणजे पत्रे बाहेर नेता येतात, पत्ता नेता येत नाही. त्याच शहरातील 'मेलबॉक्स डॉट ऑर्ग' ही सेवा स्वतःचे डोमेन स्वीकारते. खाजगी पत्रव्यवहारास पहिली पुरेल. दवाखान्यास वा औषधालयास दुसऱ्या प्रकारची योग्य.

स्वतःचा सर्व्हर ठेवावा काय?

मुक्त-स्रोताचे महत्त्व पटले की उत्साही मित्र म्हणतात, "मग दवाखान्यातच सर्व्हर ठेवावा." या सूचनेवर माझे मत असे की, प्रत्येक वैद्याने घरी पारद-संस्कार करू नयेत. पाठ खुला आहे, साधने मिळतात; परंतु शोधन, पुट व परीक्षा यांना अहोरात्र लक्ष देणारा कर्ता हवा. खेड्यात विजेचा खंड, इंटरनेटचा खंड, नको असलेल्या पत्रांचा भडिमार हे नित्याचे आहे. शिवाय पत्र खरोखर आपल्याच डोमेनकडून आले आहे हे सिद्ध करणाऱ्या 'एसपीएफ', 'डीकिम' व 'डीमार्क' या नोंदी नीट नसतील तर मोठ्या सेवा आपले पत्र स्वीकारतही नाहीत. गूगल व याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून हे नियम कडक केले आहेत. तेव्हा जाणत्या व्यावसायिकाकडून, मुक्त-स्रोत आज्ञावलींवर चालणारी सशुल्क सेवा घ्यावी आणि नाव व प्रत आपल्याकडे ठेवावी, हा मध्यम मार्ग श्रेयस्कर वाटतो.

प्रत्यक्षात काय केले?

जुने नाव परत मिळण्याची वाट न पाहता नवे डोमेन स्वतःच्या नावे नोंदविले व त्याची पावती दवाखान्याच्या परवान्यांच्या फाइलमध्ये लावली. देशातील एका लहान व्यावसायिकाकडे, पोस्टफिक्स व डोव्हकॉटवर चालणारी पेटी घेतली. दवाखान्यातील संगणकावर 'थंडरबर्ड' ही मुक्त-स्रोत आज्ञावली बसविली. दर रविवारी पत्रांच्या फोल्डरची प्रत बाह्य हार्ड डिस्कवर उतरविली जाते आणि ती डिस्क गावातील उंच भागात राहणाऱ्या नातलगाकडे ठेवली जाते. पुराचा धडा अजून स्मरणात आहे.

त्रास झाला नाही असे नव्हे. पहिला महिनाभर काही रुग्णांकडे आमची पत्रे नको असलेल्या पत्रांच्या फोल्डरमध्ये जाऊन पडत. व्यावसायिकाने डीकिमची नोंद दुरुस्त केल्यावर ते थांबले. वार्षिक शुल्क भरावे लागते. फुकटच्या सेवेइतकी जागा मिळत नाही, म्हणून नाडीपरीक्षेच्या चित्रफिती वगैरे जड सामग्री वेगळी ठेवावी लागते. सहा महिन्यांनी मी मुद्दाम एक परीक्षा घेतली : सर्व पत्रे दुसऱ्या व्यावसायिकाच्या पेटीत आयमॅपने हलवून पाहिली. एका दुपारचे काम झाले आणि पत्ता तोच राहिला. औषध बदलण्याचे स्वातंत्र्य आहे की नाही, हे बदलून पाहिल्याशिवाय कळत नाही.

परगावच्या प्रत्येक रुग्णाच्या व्यवस्थापत्रावर आता छापील ओळ असते : त्रास वाटल्यास औषध प्रथम थांबवावे, दूरध्वनी करावा व ई-मेलही करावा, चोवीस तासांत उत्तर न आल्यास पत्र पोहोचले नाही असे समजावे. कोणतीही प्रणाली, मुक्त असो वा बंद, ही ओळ अनावश्यक ठरवीत नाही.

औषधालयांच्या मालकांस एक विनंती. माझ्या परिचयाच्या एका औषधालयाचा घाऊक मागणीचा सर्व पत्रव्यवहार एका कर्मचाऱ्याच्या खाजगी फुकट खात्यावर होता. तो नोकरी सोडून गेला तेव्हा बॅच क्रमांकांविषयीची, तक्रारींची व परतीच्या मालाची तीन वर्षांची पत्रे त्याच्याबरोबर गेली. त्याचा हेतू वाईट नव्हता; व्यवस्थाच नव्हती. खरेदी, विक्री व तक्रार यांसाठी औषधालयाच्या डोमेनवर पदाच्या नावाने पत्ते असावेत, व्यक्तीच्या नावाने नव्हे.

आपल्या संघटनेच्या शाखांनीही आपापल्या डोमेनची नोंदणी कोणाच्या नावे आहे, हे पुढील सभेपूर्वी पाहून घ्यावे आणि इतिवृत्तात नोंदवावे. पदाधिकारी बदलतात, संकेतस्थळ उभारणारे बदलतात; पत्ता बदलता कामा नये. ज्यांस हे पडताळून पाहावयाचे आहे त्यांनी आज रात्री एवढेच करावे : आपल्या ई-मेलच्या पत्त्यातील 'ॲट' चिन्हापुढचे नाव वाचावे आणि त्याची पावती कोणत्या फाइलमध्ये आहे ती शोधावी.